थांब म्हटलं की

"घोड्यावर बसून बसून चालायला लागेल ना हो तो?"

आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी लिफ्टमध्ये ताईला विचारलं. अगदी मायेनं विचारलं. रविवारची सकाळ, त्यांच्या हातात दुधाची पिशवी, आमच्या हातात भाच्याची व्हीलचेअर. त्याच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं; घरात शिरेपर्यंत तो ते काढू देत नाही. पँटला राणी घोडीचे तांबूस केस चिकटलेले आणि लिफ्टभर घाम, गवत आणि लीद यांचा मिळून होणारा तो उबदार वास. ताई म्हणाली, "हो ना, प्रयत्न चालू आहेत." सातवा मजला आला, आजोबा "देव आहे पाठीशी" म्हणाले आणि गेले. भाचा तेव्हा काहीच बोलला नाही. तो दहा वर्षांचा आहे. त्याला सगळं कळतं. बोलायला मात्र वेळ लागतो, आणि तेवढा वेळ थांबणारी माणसं थोडी. दुपारी जेवताना त्यानं एकेक शब्द जुळवत विचारलं, "चालायला... नाही लागलो... तर... राणी बंद?"

ताईनं त्याच्या भातावर वरण वाढलं आणि "नाही रे राजा" म्हणाली. माझा घास मात्र तसाच राहिला.

त्याला असं वाटावं यात नवल काहीच नाही. त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आलेली आहे. रंगीत माती आली ती बोटांसाठी. साबणाचे फुगे ओठांसाठी. पोहण्याचा तलाव कमरेसाठी, सारेगमप श्वासासाठी, एवढंच काय, पत्त्यांचा डावसुद्धा दोन हात एकत्र वापरायला लागावेत म्हणून. आणि यातल्या कशानं उपयोग झाला नाही, तर ते हळूच बंद होतं आणि दुसरं काहीतरी सुरू होतं. शेजारच्या मुलीला संध्याकाळी स्केटिंगला नेतात, तेव्हा तिच्या आईला कुणी विचारत नाही की यानं हिचं नक्की काय सुधारणार आहे. ती पडते, उठते, गुडघे फोडून घेते, हसत घरी येते, आणि तेवढं पुरतं. माझ्या भाच्याच्या हसण्याला मात्र दर वेळी काहीतरी कारण दाखवावं लागतं. ताई रविवारी संध्याकाळी वहीत लिहिते : किती मिनिटं, मान किती वेळ सरळ, डावा पाय किती सैल. ती लिहिते त्यात काही वावगं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही लिहिलं असतं.

पागा ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. रविवारी पहाटे निघालं की माजिवड्याचा नाका मोकळा मिळतो, एरवी तिथे मेट्रोच्या खांबांखाली किती वेळ जाईल सांगता येत नाही. मुख्य रस्ता सोडला की टॉवर संपतात, कच्चा रस्ता लागतो, आणि काच खाली केली की भाचा वास घेऊनच ओळखतो, आलो. उन्हं चढायच्या आत सगळं उरकावं लागतं, मुलांसाठीही आणि घोड्यांसाठीही. आम्ही पोचतो तेव्हा मामा राणीला खरारा करत असतात. मामा म्हणजे तिथले सईस. कर्जतकडचे, आयुष्य घोड्यांमागे गेलेलं. राणी ही एक वयस्कर, रुंद पाठीची, जराही घाई नसलेली घोडी. तिच्या पाठीवर खोगीर घालत नाहीत, नुसती जाड गादी आणि तंगाचा पट्टा, त्याला पुढे धरायला दोन कड्या. माणसाच्या अंगापेक्षा घोड्याचं अंग एखाद अंशानं गरम असतं. ती ऊब मांड्यांपर्यंत पोचावी म्हणून मधे खोगीर नको.

भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नाही; पायांत ताठरपणा जास्त. त्याचे गुडघे सतत एकमेकांकडे ओढले जातात. घरी मांड्यांचे व्यायाम म्हणजे रोजची रडारड; दोन्ही पाय बाजूला करायचे, धरून ठेवायचे, आकडे मोजायचे. राणीच्या पाठीवर बसवलं की पहिली काही मिनिटं तो तसाच आखडलेला असतो. मग ती चालायला लागते, आणि हळूहळू त्याचे पाय तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ओघळतात. दुसरा शब्द मला सुचत नाही. कुणी ओढलेले नसतात, कुणी आकडे मोजलेले नसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

फिजिओ मॅडमनी हे कसं होतं ते आम्हाला कुंपणापाशी उभं राहून समजावून सांगितलं होतं. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी तीन तऱ्हांनी हलते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, आणि किंचित वळत. आपण चालताना आपली कंबर जशी हलते, जवळजवळ तशीच. म्हणजे जे मूल कधी चाललेलं नाही, त्याच्या कमरेला, पाठीला आणि मेंदूला चालणं कसं असतं ते तिथे बसल्या बसल्या कळतं. मिनिटाला साधारण शंभर पावलं. वीस मिनिटांत दोन हजार वेळा तोल जातो आणि दोन हजार वेळा सावरावा लागतो. कुठल्याही फिजिओच्या हातांना हे जमण्यासारखं नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दलही त्यांनी सांगितलं. सेरेब्रल पाल्सी असलेली पंधरा मुलं घेतली, काहींना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना तेवढाच वेळ एका स्थिर पिंपावर, पाय तसेच दोन्ही बाजूंना टाकून. नंतर स्नायूंच्या हालचाली यंत्रानं मोजल्या. घोड्यावरच्या मुलांच्या डाव्या-उजव्या स्नायूंमधली तफावत कमी झाली होती, पिंपावरच्या मुलांची तशी झाली नाही. मला त्या पिंपावरच्या मुलांचंच वाईट वाटलं. शेजारी घोडा चालतोय आणि आपल्या वाट्याला पिंप!

मॅडम सरळ बोलतात, म्हणून मला आवडतात. "असे अभ्यास बहुतेक लहान असतात, थोडी मुलं, थोडा काळ," त्या म्हणाल्या. "बसणं सुधारतं, धड सावरायला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहते. पण हा चालेल असं मी म्हणणार नाही. तुम्हीही त्याला म्हणू नका." आधी कमरेचा एक्स-रे मागवून त्यांनी खुबा जागेवर असल्याची खात्री करून घेतली होती. आकडी येते का, येत असेल तर औषधानं आटोक्यात आहे का, हेही विचारलं होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीला त्यांनी मानेच्या मणक्यांची तपासणी होईपर्यंत घोड्याजवळही नेलं नाही. तिची आई नाराज होऊन परत गेली, मग महिन्याभरानं रिपोर्ट घेऊन आली. ही काळजी जिथे कुणी घेत नसेल, तिथे आपलं मूल घोड्यावर चढवू नये, हे मी येईल त्या प्रत्येकाला सांगते.

चढवायला दोन माणसं, धरायला दोन माणसं, पुढे लगाम धरून मामा. बाजूने चालणारे दोघं भाच्याच्या मांडीवर हात आडवा ठेवून चालतात. एक कॉलेजातला मुलगा आहे आणि एक निवृत्त शिक्षिका. दोघंही पैसे घेत नाहीत, आणि दोघांच्याही चपलांना लाल माती कायमची लागलेली आहे. एवढी वरात निघाली की भाचा मधोमध, सगळ्यांपेक्षा उंच. जन्मापासून त्यानं माणसांकडे खालून वर पाहिलंय. तिथे त्याला लोकांच्या डोक्यांवरचे भांग दिसतात. ताईचे केस पिकायला लागलेत हे त्याला राणीवर बसल्यावर कळलं, आणि त्यानं ते लगेच जाहीर केलं.

पण त्याला सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. मॅडमनी त्याला दोन हुकूम शिकवले : 'चल' आणि 'थांब'. आम्हाला वाटलं पोरगा 'चल, चल' करत सुटेल. त्याला 'चल'चं फारसं काही नाही. तो 'थांब' म्हणतो. चार पावलं गेली की 'थांब'. राणी थांबते, मामा थांबतात, बाजूचे दोघं थांबतात. सगळं मैदान थांबतं. तो इकडे तिकडे बघतो, काहीही करत नाही, मग सावकाश 'चल' म्हणतो. पुन्हा चार पावलं, पुन्हा 'थांब'. मामा पहिल्यांदा वैतागले, "आरं बाबा, घोडी काय शो केसमंदी ठिवायचीय का?" मॅडम मात्र खूश. कारण चालता घोडा थांबताना धड पुढे जातं, सुरू होताना मागे जातं, आणि दोन्ही वेळा पोटाचे नि पाठीचे स्नायू कामाला लागतात. नुसत्या सरळ फेऱ्यांपेक्षा यात कष्ट जास्त. त्या आपल्या वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

मी कुंपणाला टेकून पाहत होते आणि मला त्या स्नायूंचं काहीच सुचत नव्हतं. या मुलाला सकाळी कुणीतरी उठवतं, कुणीतरी अंघोळ घालतं, खुर्ची कुणीतरी ढकलतं, आणि ढकलणाऱ्याला वाटेल तिथे ती थांबते. रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू दिसलं, त्याला बघायचं असलं, तरी त्याचा शब्द तोंडातून निघेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. आणि इथे साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर त्याचा अर्धवट फुटलेला 'था' ऐकून पाय रोवतं. राणीनं त्याचा शब्द पुरा व्हायची वाट कधी पाहिली नाही, पण त्याला कधी तुटकही मानलं नाही.

हे ताईच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

दोन वर्षांपूर्वी आम्ही माथेरानला गेलो होतो. तिथे गाड्यांना बंदी; दस्तुरी नाक्यापासून पुढे लोक पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात जात होते. आम्ही अर्थातच हातरिक्षा केली. लहानपणी मी आणि ताई त्याच रस्त्यानं घोड्यावर गेलो होतो, बाबा मागून चालत, घोडेवाला बाजूनं पळत, तोंडात लाल धूळ. ताई रडत होती आणि मी खोटं खोटं न घाबरल्यासारखं करत होते. या वेळी रिक्षाच्या बाजूनं घोडे जात राहिले. भाचा प्रत्येक घोड्याबरोबर मान वळवत होता, जाईल तिथपर्यंत. संध्याकाळी त्याची मान दुखायला लागली. घोड्यावर बसायचं त्याच्या मनात तेव्हापासून होतं. उपचार हा शब्द आम्ही नंतर शोधून आणला. तो शब्द मिळाला म्हणून पैसे काढता आले, सुट्टी काढता आली, नातेवाइकांना सांगता आलं. नुसतं 'त्याला आवडतं' म्हणून आम्ही दर रविवारी एवढा खर्च केला असता का? मला हे स्वतःला विचारायला जड जातं. आणि ज्यांना तो शब्द मिळूनही खर्च झेपत नाही, त्यांचं काय? कुंपणापाशी उभे असणारे आम्ही बहुतेक सगळे चारचाकीतून आलेले. महापालिकेच्या विशेष शाळेतली मुलं इथवर पोचत नाहीत. हे मला दर रविवारी दिसतं आणि दर रविवारी टोचतं.

राणीचंही मनात येतं. एकदा तिनं कान मागे टाकले, शेपटी झटकायला लागली, पाय आपटला. मामांनी क्षणाचाही विचार न करता भाच्याला उतरवून घेतलं. तो रडून लाल झाला. मॅडम त्याच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आज ती थांब म्हणतेय." त्यानं रडणं आवरलं नाही, पण पुढच्या रविवारी चढायच्या आधी मामांना विचारलं, "कान?" मामा म्हणाले, "पुढं हायत." मगच चढला. मामांनीच मला एकदा सांगितलं होतं, "हिला वज्जं जड नाय वो, हलतं वज्जं जड." मूल एका बाजूला कललं की राणी आपणहून तिकडे पाऊल टाकते, त्याच्या खाली येते. दिसायला फार सुंदर दिसतं ते. पण तिच्या पाठीला ते काम पडतंच. म्हणून एका सकाळी तिच्यावर मोजकीच मुलं बसवतात, आणि वजनाचाही नियम आहे, घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नाही.

या उन्हाळ्यात तिथे एक गृहस्थ आले. चाळिशीचे, ऐरोलीला राहणारे, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून. लहानपणी दोन्ही पायांना पोलिओ झालेला. नकाशे काढायचं काम करतात. मॅडमनी सवयीनं विचारलं, "काय सुधारणा अपेक्षित आहे?" ते म्हणाले, "काही नाही. बसायचंय." मॅडम गप्प झाल्या. मग त्यांनी सांगितलं. गाव फलटणजवळचं. आषाढात माउलींची पालखी यायची, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण व्हायचं. वडील त्यांना खांद्यावर घेऊन उभे राहायचे. दोन अश्व धावत यायचे, एकावर स्वार, आणि दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तिथे माउली बसलेले असतात. घोडे गेले की लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावायचे. "वडील खाली वाकू शकायचे नाहीत, मी खांद्यावर ना," ते म्हणाले. "दुसरं कुणीतरी माझ्या कपाळाला माती लावायचं. मला तेव्हापासून घोड्यावर बसायचंय. आता चाळीस झाली."

घरी आल्यावर मी लिस हार्टेलबद्दल पुन्हा वाचलं. डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, पोटात मूल असताना पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. तिला घोड्यावर चढवावं लागायचं, उतरवावं लागायचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या, घोड्याकडून ठरावीक चाली नेमक्या करून घेण्याच्या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं उतरता आलं, आणि तिनं 'ज्युबिली' नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वीडनच्या आंरी सेंट सिरनं तिला हात देऊन पदकाच्या पायरीवर चढवलं. १९५६ मध्ये तिनं पुन्हा रौप्य मिळवलं. तिच्यामुळे युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीच्या शाळा निघाल्या, असं म्हणतात ते खरंच आहे. मला मात्र वाचताना एकच गोष्ट ठळक दिसत राहिली : तिचे पाय बरे झाले नाहीत. बारा वर्षांनंतरही नाहीत. ती घोड्यावर होती कारण तिला घोड्यावर असायचं होतं. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही घोडेस्वारी आहे, आणि त्यातल्या सर्वांत जास्त अपंगत्व असलेल्या स्वारांच्या गटात घोडा फक्त चालतो. धावत नाही, उडी मारत नाही. नुसतं चालवायचं, वळवायचं आणि थांबवायचं. 'थांब' किती नीट म्हणता येतं यालाही गुण असतात.

हे मी भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं "थांब" म्हटलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

ऐरोलीच्या त्या गृहस्थांना राणीवर चढवायचं तर भाच्यासारखं उचलून चालणार नाही. राणीला त्यांचं वजन चालत नाही असंही मामांनी सांगितलं. त्यांच्यासाठी मागच्या पागेतला मोठा घोडा तयार करायचा ठरलंय. पण मुख्य अडचण चढण्याची. त्यासाठी ओटा हवा, आणि ओट्यावर खुर्ची जाईल असा उतार. त्यांनी स्वतःच नकाशा काढून आणला. एकास बारा हा उताराचा हिशेब. तीन फूट उंच ओटा म्हणजे छत्तीस फूट लांब उतार. कुंपणाजवळ सरळ रेषेत एवढी जागा नाही, मधे जांभळाचं झाड. झाड तोडायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत, म्हणून मधे सपाट जागा ठेवून उतार वळवलाय. कुणीतरी लाकडी फळ्यांचा करू म्हणालं, स्वस्तात होईल. मामांनी मान हलवली. पोकळ फळ्यांवरून चाकं गेली की धडधडतं, जनावर बिचकतं. म्हणजे वीटकाम, आत मुरूम.

वर्गणीचं पत्र ताईनं लिहिलंय. त्यात तिनं आधी 'उपचारासाठी' लिहिलं होतं, मग ते खोडून 'घोड्यावर बसण्यासाठी' केलं. मी मसुदा वाचत होते तेव्हा भाच्यानं खुर्चीतून वाकून खोडलेलं पाहिलं आणि विचारलं, काय लिहिलं होतं. ताईनं सांगितलं. मग तिनं त्याला हेही सांगितलं की चालायला लागला, नाही लागला, राणी बंद होणार नाही. राणी म्हातारी झाली तर दुसरी घोडी बघू. त्यानं विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाला, त्याला आता लगाम हवाय. दोन्ही हातांत. मॅडम म्हणतात, आधी एका हातात, पाऊस संपल्यावर. पावसाळ्यात पागा बंद असते.

त्यामुळे ओटा जूनच्या आधी व्हायला हवा. विटांचा टेम्पो शनिवारी येणार आहे. ऐरोलीचे गृहस्थ सुट्टी काढून मापं घ्यायला येतील, आणि मामांनी राणीला त्या दिवशी मागच्या पागेत बांधायचं ठरवलंय, टेम्पोच्या रिव्हर्सचा आवाज तिला सहन होत नाही.